पैसा कोणाचा, फिल्म कोणाची? धंद्यासाठी चित्रफीत करून घेण्याची शंभर वर्षं

इतिहासाच्या व्याख्यानमालेत आज बाजारातला विषय घेतला आहे. परभणी जिल्ह्यात व्याख्यानांच्या निमित्ताने फिरताना एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. मानवतचा कापूस व्यापारी असो, सेलूचा जिनिंगवाला असो, गंगाखेडचा डाळमिलवाला असो की परभणीत क्लास चालवणारा मास्तर, सगळ्यांना आता आपल्या धंद्याचा व्हिडिओ हवा आहे. प्रश्न एकच, करून घ्यायचा कोणाकडून? गावातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून, नांदेड-संभाजीनगरच्या एजन्सीकडून, की थेट पुण्या-मुंबईच्या कंपनीकडून? तिघांची कोटेशनं समोर ठेवली तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या कैकपट निघतो, आणि त्यात काय धरलंय आणि काय नाही हे काही कळत नाही.

लहान व्यापाऱ्यासाठी ही किरकोळ बाब नाही. एका हंगामाच्या नफ्यातला मोठा वाटा त्यात जातो. फिल्म चांगली झाली नाही तर पैसा गेलाच, पण खोटी झाली तर गिऱ्हाईकही जातं. हा प्रश्न नवा आहे असं लोकांना वाटतं. आम्ही म्हणतो, नाही. पैसा एकाचा आणि कॅमेरा दुसऱ्याचा, ही भानगड महाराष्ट्रात सिनेमाइतकीच जुनी आहे. त्या शंभर वर्षांत शहाणपणाने निवड कोणी केली, कोणाचं कुठे बिनसलं, हे आज पाहू. उत्तर त्यातूनच निघेल.

सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून. १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली, तंत्र पाहून घेतलं आणि परत आले. हातात विद्या होती, भांडवल नव्हतं. आता सावकाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हिंदुस्थानात कोणी पूर्ण लांबीचा कथापट काढलेला नाही, समोरचा माणूस म्हणतो मी काढतो. विश्वास कशावर ठेवायचा? फाळक्यांनी काय केलं, कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभर थांबले. ‘अंकुराची वाढ’ ही ती मिनिटाभराची फिल्म. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढते, हे सगळं डोळ्यासमोर भराभर. फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी ती पाहिली आणि पैसे द्यायला तयार झाले. तेवढ्याने भागलं नाही, सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिनेही गहाण पडले. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

नाडकर्णींच्या बाजूने हा व्यवहार बघा. माझी कल्पना किती भव्य आहे, हे भाषण ऐकून त्यांनी पैसे दिले नाहीत. त्यांनी नमुना पाहिला. तो नमुना लहान होता, कमी खर्चाचा होता, आणि मुख्य म्हणजे ज्या कौशल्याबद्दल शंका होती नेमकं तेच दाखवणारा होता. आज एजन्सीवाले आपल्या जुन्या कामांचे तुकडे जोडून, वर दणदणीत संगीत लावून दाखवतात. त्यात कॅमेरा कोणाचा, संकलन कोणाचं, आणि ती माणसं अजून त्या कंपनीत आहेत की नाहीत, काही समजत नाही. त्यापेक्षा सरळ म्हणावं, आमच्या दुकानात येऊन एक मिनिटाचं काम करून दाखवा, त्याचे पैसे वेगळे देतो. आणि आधी ज्यांचं काम केलंय अशा दोन गिऱ्हाइकांचे नंबर द्या. ही मागणी ऐकून जो रागावतो, त्याच्याबद्दलचा निर्णय तिथेच झाला असं समजा.

फाळक्यांच्या लघुपटांमध्ये तळेगावच्या काचकारखान्यावरची एक फिल्म आहे. हा कारखाना पैसा फंडाचा. स्वदेशी उद्योगासाठी घरटी एकेक पैसा गोळा करायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, आणि त्या पैशातून तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. आता ज्याने दूरच्या गावात बसून एक पैसा दिला, तो भट्टी बघायला तळेगावला थोडाच जाणार? पडद्यावर मात्र तापलेली काच आणि ती फुंकणारा कारागीर त्याला दिसू शकतो. उद्योगाची फिल्म मुळात कशासाठी असते याचं हे उत्तम उदाहरण. जे गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष येऊन बघता येत नाही, ते दाखवण्यासाठी. तुमच्या जिनिंगची इमारत बाहेरून येता-जाता सगळ्यांनाच दिसते. सरकी वेगळी कशी होते, गाठ कशी बांधतात, वजनकाटा कसा तपासतात, ते दिसत नाही. जो कंपनीवाला पहिल्या भेटीत तुमच्या कामाबद्दल प्रश्न विचारतो, त्याच्या कानात हे शिरलेलं आहे. जो पहिल्याच भेटीत ड्रोन किती उंच जातो ते सांगत बसतो, त्याच्या नाही.

ड्रोनचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर व्यावसायिक कामासाठी ड्रोन उडवणाऱ्याकडे, अगदी छोटे नॅनो ड्रोन सोडले तर, रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि ड्रोनचीही नोंदणी लागते. ही कागदपत्रं आधी मागा. तुमच्या आवारात काही झालं तर लोक तुमच्या दारात येतील.

आता जिथे बिनसलं ती गोष्ट. फाळके नावारूपाला आले, खर्च वाढला, भांडवल अपुरं पडू लागलं. १९१८ च्या सुरुवातीला नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भागीदार मुंबईचे व्यापारी, कारभारात वामन श्रीधर आपटे वगैरे मंडळी. फाळक्यांना वाटलं, पैशाची चिंता मिटली. भागीदारांना वाटलं, यशस्वी माणूस मिळाला, आता हिशेबाने काम होईल. ‘कालिया मर्दन’सारखं नाव मिळवणारं चित्र १९१९ मध्ये आलं, आणि तरीही वर्ष-दोन वर्षांतच खटके उडाले. भागीदारांना खर्चावर लगाम हवा होता, फाळक्यांना कामात कोणाचा हात नको होता. ते कंपनी सोडून काशीला गेले. पुढे १९२२ च्या सुमारास परतले, पण आधीचा जम पुन्हा बसला नाही.

इथे खलनायक कोणीच नाही, हे लक्षात घ्या. पैसेवाल्याने हिशेब मागणं योग्यच. कारागिराने कामात मोकळीक मागणंही योग्यच. फक्त मोकळीक कुठे संपते आणि हिशेब कुठे सुरू होतो, ही रेघ दोघांनाही मान्य होईल अशी ओढली गेली नव्हती. व्हिडिओ कंपनीशी होणारी निम्मी भांडणं आजही याच जागी होतात. मालक म्हणतो, अजून एक बदल करा. ते म्हणतात, सहावा बदल झाला, आता वेगळे पैसे. मालक म्हणतो, माझ्या नातवाचा फोटो शेवटी टाका. ते म्हणतात, त्याने फिल्म बिघडेल. म्हणून कामाआधी दोन पानं लिहून घ्यावीत. संहिता कोण मंजूर करणार, आणि घरातल्या चौघांपैकी शेवटचा शब्द कोणाचा? शूटिंगचे दिवस किती? दर ठरला त्यात बदल किती वेळा? पैसे किती हप्त्यांत, आणि कोणतं काम झाल्यावर? साधी रीत अशी की काही रक्कम आगाऊ, काही शूटिंग झाल्यावर, आणि उरलेली अंतिम प्रत हातात आल्यावर. सगळी आधी देऊ नये, आणि काम झाल्यावर अडवूनही ठेवू नये.

पुढचा मुद्दा प्रतीचा. ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. आज संग्रहात त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळच आहे, आणि तेही फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं असावं असं काही अभ्यासक मानतात. पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये, फाळके जाऊन वीस वर्षं झाल्यावर. तोवर मूकपटांचा मोठा भाग नष्ट झाला होता. आणि २००३ साली पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात आणखी कितीतरी गेलं.

तुम्ही म्हणाल, आमच्या डाळमिलच्या व्हिडिओचा आणि हरिश्चंद्राचा काय संबंध? संबंध आहे. शूटिंगवाल्याची हार्ड डिस्क भरली की तो जुनं पुसतो, त्याच्या धंद्याची ती गरजच आहे. चार वर्षांनी तुम्हाला त्याच फिल्ममधला तुमच्या वडिलांचा गल्ल्यावर बसलेला शॉट हवा असेल, तेव्हा तो कुठून येणार? म्हणून अंतिम व्हिडिओबरोबरच मूळ चित्रणही स्वतःच्या डिस्कवर घ्यायचं, आणि ते कोटेशनमध्येच लिहून घ्यायचं. कायद्याचंही थोडं ऐका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून फिल्म केली असेल आणि वेगळा करार नसेल, तर फिल्मचा पहिला हक्क करून घेणाऱ्याचा. म्हणजे कायदा तुमच्या बाजूने उभा आहे. पण ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द विसरू नका. कोटेशनच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका. आणि फिल्ममध्ये एखाद्या सिनेमातलं गाणं टाकलं असेल तर त्या गाण्याचा हक्क तुमचा होत नाही. तो परवाना वेगळा.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९४८ साली दोन गोष्टी घडल्या. मुंबईत भारत सरकारचं फिल्म्स डिव्हिजन निघालं, आणि सप्टेंबरात निजामी राजवट संपून आपला मराठवाडा मोकळा झाला. पुढची कित्येक दशकं कथापटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट किंवा माहितीपट दाखवणं चित्रपटगृहांना बंधनकारक होतं. त्याच पडद्यावर, मध्यंतरात, गावातल्या कापड दुकानाची नि सराफाची काचेची स्लाइड लागायची. धंद्याची पडद्यावरची जाहिरात जिल्ह्याच्या ठिकाणी आली ती अशी. प्रेक्षक खुर्चीत बसलेला, दुसरीकडे बघायची सोय नाही. त्यामुळे फिल्म कंटाळवाणी असली तरी चालून जायची. आजचा प्रेक्षक अंगठ्याने तुम्हाला दोन सेकंदांत वर ढकलतो. बंदिस्त प्रेक्षकाच्या काळातली सवय अजून ज्यांची गेलेली नाही ते आजही फिल्मचा पहिला अर्धा मिनिट दीपप्रज्वलन आणि संस्थापकांच्या फोटोला देतात.

चित्रपटगृहांतल्या जाहिरातपटांच्या वितरणात ‘ब्लेझ’ ही मुंबईची कंपनी मोठी होती. श्याम बेनेगल हे जाहिरातीच्याच धंद्यातले, शेकडो जाहिरातपट केलेले. त्यांचा पहिला कथापट ‘अंकुर’, १९७४ चा, ब्लेझच्याच पैशावर झाला. त्यातली माणसं बोलतात ती हैदराबादेकडची दखनी. आपल्या परभणीच्या बाजारात, उरुसाच्या गर्दीत जी बोली कानावर पडते तिच्या नात्यातली. ती बोली खरी होती, म्हणून ती माणसं खरी वाटली. पालमच्या शेतकऱ्याला कृषी सेवा केंद्राची जाहिरात ऐकवायची आणि निवेदन मात्र वृत्तवाहिनीच्या मराठीत, हे आपल्याकडे सर्रास होतं. बाहेरची कंपनी वाईट असते असं मुळीच नाही. पण तिला विचारा, संहिता कोण लिहिणार, आवाज कोणाचा, आणि तो माणूस दोन दिवस आमच्या गावात राहणार का? गावातल्या शूटिंगवाल्याकडे भाषा असते, संहिता नसते. शहरातल्या कंपनीकडे बहुतेक वेळा याच्या उलट. काही जणांनी दोघांना एकत्र आणून काम केलं आहे आणि ते चांगलं झालं आहे.

बेनेगलांचाच १९७६ चा ‘मंथन’ घ्या. पटकथा विजय तेंडुलकरांची. पैसा गुजरातेतल्या दूध उत्पादकांचा. पाच लाख सभासदांनी माणशी दोन रुपये दिले, त्यातून दहा लाख उभे राहिले. दूध चळवळीवरचे माहितीपट करतानाच बेनेगलांना ही कथा सुचली होती. म्हणजे सहकारी संघाने असा माणूस निवडला, ज्याला त्यांचा विषय आधीच माहीत होता. फिल्म चित्रपटगृहात चालली, शिवाय लहान फिल्मवरच्या प्रती गावोगाव नेऊन दाखवल्या गेल्या. सोबत जनावरांचा डॉक्टर, चाऱ्याचा जाणकार असायचा. फिल्म संपली की लोक प्रश्न विचारायचे आणि तिथेच सोसायटीची बोलणी सुरू व्हायची. फिल्म कुठे दाखवायची, दाखवल्यावर समोर कोण बसलेलं असेल, त्याच्या प्रश्नाला उत्तर कोण देणार, हे फिल्मइतकंच ठरलेलं होतं. आणि त्या फिल्मची मूळ निगेटिव्ह नीट ठेवली गेली, म्हणून २०२४ साली ती दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखवता आली.

आपल्याकडे १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ आलं. त्याच वर्षी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे ‘आमची माती आमची माणसं’मधून शेतीचं ज्ञान पडद्यावर आलं. शेतकऱ्याला पडद्यावरच्या माणसाचा विश्वास वाटू लागला तो अशा कार्यक्रमांमुळे, कारण त्यात विकायचं काही नव्हतं. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, १९८२ मध्ये रंग आला. तोच विश्वास आता विकणाऱ्याच्या हाती गेला.

इथे एका मराठी कंपनीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी परळला विको सुरू केली. आधी दारोदार विक्री, मग चित्रपटगृहं, मग दूरदर्शन. एकच सूर अनेक भाषांत आणि वर्षानुवर्षं. त्या जाहिरातीतला दावा असा, की आमचं मलम सौंदर्यप्रसाधन नाही, आयुर्वेदिक आहे. नेमका हाच प्रश्न अबकारी खात्याबरोबर कोर्टात उभा राहिला, कारण दोन्हींचा कर वेगळा. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल विकोच्या बाजूने लागला. म्हणजे जाहिरातीत जे गायलं तेच कंपनीने कोर्टात मांडलं, आणि ते टिकलं.

आपल्या फिल्ममधलं वाक्य असं टिकेल का? बियाण्याच्या नि खताच्या व्हिडिओत एखाद्या शेतकऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभं करतात आणि त्याच्या तोंडून एकरी उतारा वदवून घेतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. आणि तो उत्पादकालाच नव्हे, शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. त्या बिचाऱ्या शेतकऱ्याला हे माहीत तरी असतं का? पण दंड बाजूला ठेवा. आपल्या कोरडवाहू भागात एका चुकीच्या बियाण्याने घराचं अख्खं वर्ष जातं. म्हणून जो फिल्मवाला विचारतो, या आकड्याला पुरावा काय, तो तुमचा वेळ खात नाहीये. तो तुम्हाला वाचवतोय.

नव्वदच्या दशकात लग्नाचे व्हिडिओ कॅमेरे आले, केबलवर गावातल्या दुकानांच्या पट्ट्या धावू लागल्या. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि पडदा हातात मावला. आज फिल्म उभ्या चौकटीत बघतात, आवाज बंद ठेवून बघतात, उन्हात बघतात. अक्षरं मोठी लागतात. एका मोठ्या फिल्मपेक्षा लहान आठ तुकडे जास्त उपयोगी पडतात. म्हणून एकाच शूटिंगमधून काय काय मिळणार, ते आधीच ठरवावं. आणि आपलं पंचांग त्या कंपनीला समजावून सांगावं. जिनिंगचं शूटिंग जूनमध्ये लावलं तर रिकामं आवार दिसेल, ते कापूस आल्यावर दिवाळीनंतरच करायचं. बियाण्याची फिल्म मात्र मृगाच्या आधी लोकांच्या फोनवर पोचली पाहिजे, म्हणजे तिची तयारी हिवाळ्यातच.

तर मंडळी, नाडकर्णींनी नमुना पाहिला. पैसा फंडाच्या कारखान्याने आतली भट्टी दाखवली. नाशिकच्या भागीदारांनी रेघ आखली नाही आणि दोन्ही बाजूंचं नुकसान झालं. दूध संघाने विषय जाणणारा माणूस घेतला आणि प्रेक्षक आधी ठरवला. विकोचा दावा कोर्टात उभा राहिला. यातल्या कोणीही कंपनीच्या ऑफिसची झगमग पाहून, किंवा सगळ्यात कमी आकडा पाहून निवड केली नव्हती.

उद्या तुमच्याकडे कोणी कोटेशन घेऊन आलं तर त्याला पाणी द्या, चहा द्या, आणि आधी गोदामात घेऊन जा. तिथे तो काय बघतो, काय विचारतो, ते पाहा. मग आकड्यावर बोला.